परत येण्याची अट नाही

परवाच्या रविवारची गोष्ट. सकाळचा चहा नुकताच झाला होता. दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी आणि तिच्यामागे तिचे वडील. वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त झाले आहेत. हातात कापडी पिशवी, पिशवीत फाईल. मुलीने भूशास्त्रात एम. एस्सी. केले आहे आणि पुण्यातल्या एका कंपनीचे नेमणुकीचे पत्रही तिच्या हाती आहे. पण तिला जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा आहे, तिकडे जाऊन पीएच. डी. करायची आहे. मी स्वतः १९९६ साली त्याच वाटेने गेलो होतो, म्हणून दोघे सल्ल्याला आली होती.

वडिलांनी घोटभर पाणी घेतले, फाईल मांडीवर ठेवली आणि सरळ विचारले, "सर, फी माफ, विमानाचं तिकीट त्यांचं, वर महिन्याच्या महिन्याला पैसे. आपण त्यांचे कोण लागतो? यात काही फसवणूक तर नाही ना?"

प्रश्न भाबडा नव्हता. परदेशी पाठवतो म्हणून लोकांच्या जमिनी विकायला लावणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. मी त्यांना सांगितले, की ही योजना खरी आहे, जुनी आहे आणि तिला दलाल लागत नाही. कोणी पैसे मागितले, तर तोच खोटा समजावा.

जपानने ही शिष्यवृत्ती १९५४ साली सुरू केली. महायुद्धातल्या पराभवाला जेमतेम नऊ वर्षे झाली होती आणि अमेरिकी ताबा उठून दोनच. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या नावावरून आम्ही तिला 'मोंबुशो' म्हणत असू. २००१ साली ते मंत्रालय विज्ञानाच्या खात्याशी एक झाले आणि आता मुले तिला 'मेक्स्ट' म्हणतात. पदवीच्या विद्यार्थ्यांपासून शिक्षकांपर्यंत तिचे अनेक प्रकार आहेत. आपल्या मुलीचा प्रकार 'संशोधक विद्यार्थ्या'चा. त्यासाठी वयाची पस्तिशी ओलांडलेली नसावी लागते. वाटा दोन. एक जपानी दूतावासामार्फत : अर्ज, मग इंग्रजी आणि जपानीची लेखी परीक्षा, मग मुलाखत. त्यातून निवड झाली, की एखाद्या प्राध्यापकाची आणि विद्यापीठाची तात्पुरती संमती आपणच पत्र लिहून मिळवायची. दुसरी वाट म्हणजे जपानी विद्यापीठानेच शिफारस करायची.

"आणि पैसे?" वडिलांनी विचारले.

अलीकडच्या वर्षांत ही रक्कम दरमहा १ लाख ४५ हजार येनच्या आसपास आहे. रुपयांत सांगायचे, तर ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या घरात. भाव खालीवर होतो. ऐकायला मोठी वाटते, पण तिथले घरभाडे, वीज, विमा आणि जेवण यांत ती संपते. माझ्या वेळी हीच रक्कम १ लाख ८० हजारांच्या पुढे होती. म्हणजे आकडा वाढण्याऐवजी उतरला आहे. "घरी पाठवायला उरतील या हिशेबाने तिला पाठवू नका," मी म्हटले. त्यांनी मान हलवली. त्यांचा हिशेब तो नव्हताच.

आपण त्यांचे कोण?

"पण ते देतात कशासाठी?" हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडू नयेच. सरकार कुठलेही असो, ते उगाच पैसे वाटत नाही. जपानला जगात मित्र हवे होते, आजही आहेत. १९८३ साली त्यांनी एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचे ठरवले, ते उद्दिष्ट २००३ साली गाठले. २००८ साली तीन लाखांचे ठरवले, तेही गाठले. २०२३ साली आकडा चार लाखांवर नेला, मुदत २०३३ पर्यंतची. त्या लाखोंमध्ये सरकारी शिष्यवृत्तीवाले फारच थोडे असतात. देश म्हातारा होत चालला आहे, मुले कमी आहेत, प्रयोगशाळांना हात हवे आहेत. हे सगळे त्या पैशामागे आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

पण आणखी एक कारण मला तिथे माझ्या प्राध्यापकांनी सांगितले. हजार येनची एक नोट त्यांनी खिशातून काढली. त्या काळी तिच्यावर नात्सुमे सोसेकी या कादंबरीकाराचे चित्र असे. "याला आमच्या सरकारने १९०० साली लंडनला शिकायला पाठवलं होतं," ते म्हणाले. पैसे तुटपुंजे, त्यातले बरेचसे पुस्तकांवर जायचे. दोन वर्षे तो भाड्याच्या खोल्या बदलत राहिला, एकटेपणाने मनातून खचला आणि १९०२च्या अखेरीस परतीला लागला. पुढे तो जपानचा थोर लेखक झाला, आणि १९११ साली त्याच मंत्रालयाने देऊ केलेली डॉक्टरेट त्याने चक्क नाकारली. "आम्ही आधी विद्यार्थी पाठवणारे होतो, बोलावणारे नंतर झालो," प्राध्यापक म्हणाले. त्यानंतर दर महिन्याला पैसे काढताना नोटेवरच्या त्या चेहऱ्याकडे माझे लक्ष जायचेच.

पैसे मिळायचे ते मात्र सही केल्यावर. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवसांत, विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन सही करायची. मी इथे आहे, शिकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. सही चुकली, की त्या महिन्याचे पैसे चुकले.

माझ्या खोलीखाली एका वृद्ध बाईंचे तोफूचे दुकान होते. सोयाबीनच्या दुधाचे ते पांढरे पनीर मी आठवड्यातून तीनदा घेई. १९९७च्या एप्रिलमध्ये तिथला खरेदीवरचा कर तीन टक्क्यांवरून पाच झाला. सुटे पैसे मोजताना बाई कुरकुरत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "तुला शिकायला पैसे कोण देतं?" मी म्हटले, "तुमचं सरकार." बाई क्षणभर थांबल्या, मग हसल्या. "म्हणजे मीच की! मग नीट शीक हो."

संशोधनाच्या पद्धतीपलीकडचे त्या तीन-चार वर्षांत मी जे शिकलो, त्यातले हे वाक्य मला सगळ्यात जड गेले.

बंधन हवे की नको

वडिलांचा दुसरा प्रश्न आला. "शिक्षण झाल्यावर परत यायचं बंधन असतं ना? बॉण्ड वगैरे?"

"नाही," मी म्हटले.

मला वाटले, त्यांना बरे वाटेल. पण त्यांचा चेहरा उतरला. "मग ती परत कशाला येईल?" ते मुलीकडे न बघता म्हणाले. मुलगीही खाली बघत राहिली. घरात हा विषय आधी झालेला असणार, हे माझ्या ध्यानात आले.

मी त्यांना बडोद्याची गोष्ट सांगितली. तुम्हा-आम्हाला ती ठाऊक असते, पण या बाजूने आपण तिच्याकडे क्वचित बघतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. करार झाला, की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठातून ते पुढे लंडनला गेले आणि मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजूही झाले. पण त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईला आले, आणि १९२० साली पदरचे व उसने पैसे जमवून लंडनचा अभ्यास पुरा करायला पुन्हा गेले. दहा वर्षांचा करार काही पाळला गेला नाही. पण बडोद्याचे ते पैसे वाया गेले, असे कोणी म्हणेल का?

"बंधन कागदावर असून भागत नाही," मी म्हटले. "परत येणाऱ्याला इथं जागाही लागते."

वडील काही बोलले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारले, "तुम्ही कसे आलात?"

हे सांगणे मला सोपे नव्हते. शिष्यवृत्तीत जाण्याचे तिकीट मिळते आणि शिक्षण पुरे करून परतण्याचे मिळते. मधल्या फेरीचे मिळत नाही. दुसऱ्या वर्षी माझे वडील अचानक गेले. सार्वजनिक फोनवर कार्ड घालून मी घरी बोललो, जवळचे पैसे गोळा केले, तिकीट मिळवले आणि गावी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. सगळे उरकले होते. १९९६ साली घर सोडताना वडिलांनी दारातून हात केला होता, तेच शेवटचे दर्शन. २००० साली प्रबंध पुरा झाल्यावर प्राध्यापकांनी दोन वर्षांचे काम देऊ केले होते. मी नाही म्हटले ते देशप्रेमाने नव्हे, आई एकटी होती म्हणून. हे मी मुलीसमोरच सांगितले. तिने जायचे, तर हेही माहीत असून जावे.

कुठला उतार?

मग मी मुलीकडे वळलो आणि तिचा अर्ज मागितला. या अर्जात सर्वांत महत्त्वाचा असतो तो संशोधनाचा आराखडा. गुण हवेतच, पण गुणवाले पुष्कळ असतात. तुम्हाला नेमके काय शोधायचे आहे आणि ते जपानमध्येच का, हे त्या दोन-तीन पानांत दिसावे लागते. तिने सुरुवात केली होती, 'जपान हा तंत्रज्ञानात अग्रेसर देश असून तेथे शिकणे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे.'

"हे खोडून टाक," मी म्हटले. "तुला दरडींवर काम करायचंय ना? कुठला उतार?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "सर, माझं आजोळ आंबेगाव तालुक्यात आहे. माळीणपासून दोन डोंगर अलीकडे."

३० जुलै २०१४च्या सकाळी माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. ती तेव्हा शाळेत होती. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळीये गेले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी.

माझे संशोधन याच विषयातले. जानेवारी १९९५च्या कोबेच्या भूकंपात निशिनोमिया शहरातल्या निकावा इथे टेकडीचा उतार घसरला आणि ३४ जण दगावले. मी पोचल्यावर पहिल्याच वर्षी प्राध्यापकांनी मला त्या उतारावर उभे केले. तिथे भूकंपाने घडले, आपल्याकडे पावसाने घडते. पण मातीच्या पोटातल्या पाण्याचा दाब हा दोन्हीकडचा धागा. दरड कोसळते ती त्या दिवशीच्याच पावसाने असे नाही. आधीच्या कित्येक दिवसांचे पाणी उतार पोटात धरून ठेवतो, आणि शेवटचा पाऊस फक्त निमित्त होतो. म्हणून जपानमध्ये इशारा देताना आज किती पडला एवढेच बघत नाहीत, जमिनीत किती साठले आहे याचा हिशेब ठेवतात. वरच्या अंगाला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, कललेली झाडे या खुणा तिथल्या शाळकरी मुलांना शिकवलेल्या असतात.

परत आल्यावर मी कॉलेजात शिकवू लागलो. उपकरणे नव्हती. दर मे महिन्यात मुलांना घेऊन मी डोंगराखालच्या गावांत जायचो, भेगा दाखवायचो, गावकऱ्यांशी बोलायचो. पुष्कळ गावे झाली. माळीणला मी कधी गेलो नव्हतो. २०१४च्या त्या दुपारी बातमी ऐकली, तेव्हा मला त्या तोफूवाल्या बाई आठवल्या. मी गेलो असतो म्हणून काही टळले असते, असा माझा दावा नाही. पण नीट शीक, असे त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यात पुढचे सगळे आले.

हे सांगून मी मुलीला म्हटले, "बॉण्ड नाही याचा अर्थ फेड नाही, असा नाही. ती कुठे करायची हे कोणी विचारणार नाही, इतकंच. तू तिथं राहिलीस तरी फेडता येईल. पण आराखड्यात त्या डोंगराचं नाव घाल."

तिने तिथेच पेन काढले. पहिले वाक्य खोडले आणि आजोळच्या गावाचे नाव लिहिले. मग मातीचा थर किती जाड आहे, झरे कुठे आहेत, पावसाच्या नोंदी कोणाकडे मिळतील, हे आजोबांना विचारायचे प्रश्न समासात लिहायला लागली. अर्जाचे काय होईल ते कळायला बरेच महिने जातील. नेमणुकीच्या पत्राला उत्तर मात्र याच आठवड्यात द्यायचे आहे, आणि ते काय द्यायचे हे मी त्यांना सांगितले नाही.

निघताना वडील दारात चपला घालता घालता थांबले. "सर, तिथली वेळ आपल्यापेक्षा किती पुढं?"

"साडेतीन तास."

"म्हणजे रात्री नऊला फोन केला, तर तिथं साडेबारा." जन्मभर तिकिटांचा हिशेब केलेल्या माणसाने क्षणात आकडा काढला. "झोपलेली असेल. सातला केलेला बरा."

खिशातले बॉलपेन काढून त्यांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले : संध्याकाळी ७.