रविवारी मिटणारं पोवळं

पोवळं म्हटलं की आपल्याला आजीच्या गळ्यातली लाल मण्यांची माळ आठवते. नाहीतर मंगळ वाकडा आहे म्हणून एखाद्या काकांच्या बोटात चढलेली अंगठी. न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात जे पोवळं आहे ते यातलं नाही. ते जिवंत आहे. सकाळी टाकीवरचा दिवा लागला की तासाभरात ते हळूहळू फुलतं. दगडासारख्या दिसणाऱ्या गोळ्यातून शेकडो लालसर देठ बाहेर येतात, प्रत्येकाच्या टोकाला फूल, आणि पाण्याच्या झुळकीबरोबर सगळा ताटवा डुलायला लागतो. नवा पाहुणा हमखास विचारतो, ‘‘हे झाड कुठलं?’’

हे झाड नव्हे, प्राणी आहे. शास्त्रीय नाव गोनिओपोरा. ज्याला आपण फूल म्हणतो तो एक स्वतंत्र जीव, पॉलिप. त्याच्या तोंडाभोवती बोटांसारखे २४ तंतू असतात. असे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातलं कॅल्शियम घेऊन पायाखाली चुन्याचं घर बांधत जातात. अगदी वाडा संस्कृती! शिवाय प्रत्येकाच्या अंगात भाडेकरूही आहेत. झूझँथेली नावाची एकपेशीय शेवाळं तिथे राहतात, उजेडात अन्न तयार करतात आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. म्हणून प्रवाळाला पाण्याइतकाच उजेड लागतो.

समुद्राचा हा तुकडा घरात ठेवायचा नाद तसा जुना आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातले सजीव खडक, बुडबुडे सोडणारा एक पंप आणि भरपूर उजेड, एवढ्यावर ते काचेच्या टाकीत प्रवाळ जगवत असत. पुढे यंत्रं आली, रसायनं आली आणि माझ्यासारख्या हौशी माणसाच्या हातीही हा खेळ आला. मात्र गोनिओपोराच्या वाटेला जाऊ नका, असं जुनीजाणती मंडळी बजावत. चार-सहा महिने ते छान दिसतं, मग काही कारण न देता मिटायला लागतं आणि वर्षाच्या आत जातं, अशी त्याची ख्याती होती.

मी अर्थातच त्याच्या वाटेला गेलो. २०१० च्या हिवाळ्यात अर्ध्या नारळाएवढं एक हिरवं गोनिओपोरा घरी आणलं. ते समुद्रातून काढलेलं होतं. चार महिने त्यानं घराला वेड लावलं. पाचव्या महिन्यात त्याची एक बाजू उघडेना. मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केलं. आठवड्यात तीनदा त्याची जागा बदलली. दिवा वाढवला. जवळजवळ निम्मं पाणी बदललं. पाणी तपासलं तर अल्कलिनिटी, म्हणजे घर बांधायला लागणाऱ्या बायकार्बोनेटचा साठा, कमी निघाली. हवी आठ-नऊ, होती साडेसहा. मी पुडी ओतून ती एका रात्रीत दहावर नेली. सकाळी पॉलिपांचे मऊ लगदे सुटून पाण्यात तरंगत होते. आठवड्याभरात उरला पांढरा सांगाडा. तो अजून माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे.

नंतर वाचन वाढलं तेव्हा उलगडलं. ते बहुधा उपाशी होतं. भाडेकरूंच्या भाड्यावर गोनिओपोराचं पूर्ण भागत नाही. त्याला पाण्यातले बारीक कण, सूक्ष्म जीव खायला लागतात. मी मात्र पाणी इतकं गाळून-गाळून स्वच्छ ठेवलं होतं की त्यात खाण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. आजारी पडलं ते उपासमारीनं. पण मेलं ते माझ्या औषधांनी.

२०१२ च्या वसंतात एका हौशी मित्रानं त्याच्या टाकीत वाढलेल्या लाल गोनिओपोराचा दोन बोटं रुंदीचा तुकडा दिला. जूनमध्ये माझे वडील, अण्णा, मालवणजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक. आम्ही दोघं नोकरीला, मुलं शाळेत. अमेरिकेत गाडी येत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवस खायला उठतो. अण्णांनी टाकीसमोर खुर्ची ओढली आणि एक वही केली. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आणि शेवटच्या रकान्यात ‘उघडं’ किंवा ‘मिटलेलं’.

महिन्याभरानं त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. ‘‘ह्येका रविवारचा काय वाकडा आसा रे?’’

मी पाहिलं. दर रविवारी दुपारी ‘मिटलेलं’. सोमवारी ‘मिटलेलं’. मंगळवारी संध्याकाळी ‘उघडं’. चारही आठवडे तसंच.

रविवार हा माझा सेवेचा दिवस होता! आठवडाभर टाकीतलं पाणी उडून जायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. त्यामुळे खारटपणा रोज थोडा चढत जायचा. रविवारी मी बादलीभर गोडं पाणी ओतून तो एकदम उतरवायचो. आठवड्याचं कॅल्शियम आणि बायकार्बोनेटही तेव्हाच. काचा घासणं, दगड हलवणं, सगळं प्रेम एकाच दिवशी. अण्णा म्हणाले, ‘‘तेका जरा निवांत रवांदे. सारखो हात कित्याक घालतस?’’

त्या दिवसापासून सगळं रोजचं झालं. अण्णा सकाळी चहा झाला की मोजून दोन लिटर शुद्ध पाणी घालत, दुपारी पुन्हा दोन. रसायनांचे सात भाग करून रोज एक. तापमान २५-२६ अंश, मीठ किलोमागे ३५ ग्रॅम, अल्कलिनिटी आठच्या जवळ. या प्रत्येक आकड्यात थोडं इकडेतिकडे चालतं. चालत नाही ती उडी. आठवड्यातून दोनदा, रात्री, पंप दहा मिनिटं बंद करून बारीक प्लँक्टनचा घास. ऑगस्टमध्ये वहीच्या शेवटच्या रकान्यात सलग ‘उघडं’ लागलं. त्याच सुमारास तुकड्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा नवा पॉलिप दिसला, तेव्हा अण्णांनी वहीत लाल शाईनं नोंद केली.

मग २९ ऑक्टोबर २०१२ ची संध्याकाळ आली. सँडी वादळ किनाऱ्याला लागलं आणि आमची वीज गेली. पंप थांबले, हीटर थांबला. हॉलमध्ये २८० लिटर पाणी निपचित उभं राहिलं. अशा बंद पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपत जातो. अंधारात शेवाळंही तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. बॅटरीवरचे दोन छोटे हवेचे पंप होते. त्यांचे सेल दुसऱ्या दिवशी संपले. दुकानं बंद, पेट्रोलला रांगा.

अण्णांनी स्वयंपाकघरातून तांब्या आणला. पाणी भरायचं, हातभर उंचीवरून धार सोडायची, म्हणजे हवा मिसळते. दहा मिनिटं धार, अर्धा तास विश्रांती. आम्ही चौघांनी पाळ्या लावल्या. रात्री दोन ते पहाटे अण्णा. टाकीला गोधड्या गुंडाळल्या. गॅसची शेगडी काडीनं पेटत होती, तेव्हा पाणी तापवून बाटल्या भरायच्या आणि टाकीत तरंगत सोडायच्या. तरी तापमान २० पर्यंत उतरलं. तिसऱ्या रात्री दोन मासे गेले. गोनिओपोरा आठही दिवस मिटलेलं. वही मात्र चालू होती, मेणबत्तीच्या उजेडात.

सहा नोव्हेंबरला वीज आली. सगळं एकदम गरम करायचा मोह मला झालाच. अण्णांनी हीटरवरचा माझा हात बाजूला केला. दोन दिवसांत थोडं-थोडं करून पाणी पंचविसावर आणलं. अकरा तारखेला, रविवारी सकाळी, चार पॉलिप उघडले. अण्णांनी कुणाला हाक मारली नाही. वहीत लिहिलं आणि चहा टाकला.

जाण्याआधी ते एकदा म्हणाले होते की सगळं आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर काढलं, पण तिथल्या पाण्याखाली असले जीव आहेत हे एडिसनला येऊन कळलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीचं, पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण आहे. तेव्हा हे वाचून कुणी भारतात घरी प्रवाळ आणायचा बेत करू नये. ते पाहायचे ते पाण्यातच, हात न लावता.

आणि पाहायला उशीर नको. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपले भाडेकरू गमावतात, पांढरे पडतात, उपाशी राहतात. २०२३ साली सुरू झालेलं अशा विरंजनाचं संकट जगातलं चौथं होतं. एका अंशाचा फरक म्हणजे काय, हे मी टाकीपुढे शिकलो.

अण्णा २०१८ मध्ये गेले. तोवर दर रविवारी त्यांचा फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘उघडला मा?’’ तो दोन बोटांचा तुकडा आज नारळाएवढा झाला आहे. त्याचे तुकडे सात घरांत गेले. पाणी घालायला आता यंत्र आहे, रोज थोडं-थोडं, न चुकता. वही मात्र मीच लिहितो. अण्णांनी आखलेले रकाने तसेच आहेत. रविवारी मी टाकीत हात घालत नाही. समोर खुर्ची टाकून बसतो.