होडीआधी तांडेल बघा

मॉरिशसला सुट्टीसाठी गेलेले मराठी कुटुंब एक दिवस बोटीवर घालवतेच. बहुतेकांचा तो दिवस आधीच आखलेला असतो. सकाळी हॉटेलच्या दारात बस, पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू दो दूस गावातून स्पीडबोट, वाटेत नदीमुखाजवळचा धबधबा, मग इल ओ सेर्फ बेटावर दुपारपर्यंत मुक्काम. पॅरासेलिंगचे पैसे वेगळे, ट्यूबवर बसून ओढून नेण्याचे वेगळे, जेवायला रांग. बेट सुंदर आहे आणि मुले तिथे खूश होतात, हेही खरे. तरीही दोन कुटुंबे मिळून सहा-आठ माणसे असतील, तर अख्खी बोट आपल्यापुरती ठरवा, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते. भाडे माणशी नसते, बोटीचे असते, त्यामुळे वाटून घेतल्यावर ते अवाच्या सवा राहत नाही. आणि त्या पैशांत हाती येतो तो वेळ. कधी निघायचे, कुठे थांबायचे, कुठून काढता पाय घ्यायचा, हे आपल्यावर असते. फक्त हे ठरवण्याची अक्कल आपल्यापाशी नसते, ती बोट चालवणाऱ्यापाशी असते. म्हणून बोटीचे फोटो पाहण्याआधी तिच्या तांडेलाशी बोलावे.

मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाढले. बाबांचा जन्म मासेमारीच्या होडीवर तांडेलकी करण्यात गेला. मॉरिशसमधून बोटीच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फोन केला, तेव्हा हॉटेल कसे आहे हे त्यांनी विचारलेच नाही. "वारो खयसून येता गो?" हा पहिला प्रश्न. आग्नेयेकडून, म्हटले. "मगे दुसऱ्या अंगाक जावा."

त्या एका वाक्यात मॉरिशसच्या बोटसफरीचे अर्धे शास्त्र आहे. बेटावर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा, तेव्हा त्यांना अधिक जोर असतो. पूर्वेचा किनारा त्या वाऱ्यांना सामोरा, तर पश्चिमेचा किनारा डोंगरांच्या आडोशाला. म्हणून आपण मे-जूनच्या सुट्टीत गेलो, तर पूर्वेला पाणी खळबळलेले आणि पश्चिमेला त्याच दिवशी निवांत असू शकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वारा मवाळतो, पाणी उबदार होते. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. तेव्हा जाणाऱ्याने बोटीचा दिवस सहलीच्या सुरुवातीलाच धरावा, म्हणजे हवामानाने नाही म्हटले तर पुढे ढकलायला जागा राहते. समुद्र खवळला की तिथले हवामान खाते प्रवाळाच्या बांधापलीकडे जाऊ नका असा इशारा देते. अशा दिवशी तांडेल सफर रद्द करत असेल, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. पैसे परत मिळणार की दुसरा दिवस मिळणार, एवढे मात्र आधीच विचारून ठेवावे.

हा बांध नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटाला सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या प्रवाळाने जवळजवळ चारही बाजूंनी वेढले आहे. भर समुद्राच्या लाटा या बांधावर फुटतात. किनाऱ्यावरून दूर दिसणारी फेसाची पांढरी रेघ ती हीच. बांध आणि किनारा यांच्या मधले उथळ, निळे-हिरवे पाणी म्हणजे लगून. दक्षिणेला ग्री ग्रीजवळ बांध तुटतो आणि तिथे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. तो भाग पाहिला की बाकीच्या बेटाला प्रवाळाने काय दिले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. जिथे नद्या समुद्राला मिळतात तिथे गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, बांधाला खिंड पडते, आणि बोटी तिथूनच बाहेर ये-जा करतात.

मला सर्वांत नवल वाटले ते भरती-ओहोटीचे. आमच्याकडे होडी खाडीतून कधी काढायची आणि कधी आत आणायची, हे पाण्याचे गणित घरातल्या पोरांनाही पाठ असते. मॉरिशसला पाण्याचा चढउतार जेमतेम अर्ध्या मीटरचा. तिथला तांडेल घड्याळ बघतो ते ऊन आणि वारा यांच्यासाठी. ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असले की पाण्याचा रंग वाचता येतो. फिकट हिरवे म्हणजे खाली वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळाचे डोके, गडद निळे म्हणजे खोली. ऊन समोरून आले की सगळे चकाकते आणि काही कळत नाही. आमचा तांडेल, पन्नाशीचा क्रिओल गृहस्थ, उभा राहूनच बोट हाकत होता. बसून खालचा तळ दिसत नाही, असे त्याने सांगितले. बाबाही कधी बसत नसत.

पश्चिम किनाऱ्यावर सफर सुरू होते ती तामारिनच्या उपसागरात, डॉल्फिन बघायला. हा भाग मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण सर्वांत जास्त जाहिरात याचीच होते आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. या उपसागरात दिसणारे बरेचसे डॉल्फिन स्पिनर जातीचे, हवेत उडी मारून स्वतःभोवती गिरक्या घेणारे. ते रात्रभर बाहेरच्या खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी विश्रांतीसाठी उथळ पाण्यात येतात. खाली पांढरी वाळू असली की शार्क लांबूनच दिसतो, म्हणून ही जागा. विश्रांतीच्या वेळी ते एकमेकांना धरून, संथ, एका लयीत वर-खाली होत राहतात. मेंदूचा अर्धा भाग त्या वेळी झोपलेला असतो. नेमक्या याच वेळी बोटी येतात. एक कळप दिसला की सगळ्या तिकडे वळतात, पुढे जाऊन वाट अडवतात आणि गॉगल लावलेली माणसे धडाधड पाण्यात उड्या टाकतात. कळप बुडी मारतो, दुसरीकडे निघतो, बोटी पुन्हा मागे. हे रोज सकाळी चालत असेल, तर त्या जिवांनी झोपायचे कधी?

आमचा तांडेल गर्दीपासून बराच दूर थांबला. इंजिन मंद केले आणि कळपाच्या जाण्याच्या दिशेला समांतर, बाजूबाजूने बोट सोडली. माझ्या पुतण्याला पाण्यात उतरायचे होते. तांडेलाने मान हलवून नाही म्हटले, तेही हसून, पण दुसऱ्यांदा विचारायची सोय ठेवली नाही. थोड्या वेळाने कळपातली काही जनावरे आपणहून आमच्या बाजूने गेली. त्यांच्या श्वासाचा फुस्स असा आवाज ऐकू आला आणि एक पिल्लू आईच्या पोटाला चिकटून पोहताना दिसले. पुतण्या आधीचा हट्ट विसरला. बोट ठरवतानाच "डॉल्फिनजवळ तुम्ही काय करता?" असे विचारावे आणि "पोहायला उतरवतो, हमखास" असे उत्तर आले तर दुसरी बोट शोधावी. सामायिक बोटीत आपल्याला हे ठरवता येत नाही. आपल्यापुरत्या बोटीत येते.

उपसागरातून दक्षिणेला वळले की लगूनमध्ये इल ओ बेनितिए हे लांबट, सुरूच्या झाडांचे बेट लागते. त्याच्याजवळ पाण्यातून वर आलेला प्रवाळाचा एकटा खडक आहे, क्रिस्टल रॉक. सगळ्या बोटी फोटोसाठी तिथे थांबतात. आम्हीही थांबलो आणि लगेच निघालो. खरी मजा पलीकडे, पोहण्याचा चष्मा आणि नळी लावून पाण्यावर पालथे पडण्यात होती. पोपट मासे प्रवाळ कुरतडताना त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. खाल्लेला चुनखडीचा भाग ते बारीक वाळू करून मागे टाकतात. या किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूतला मोठा वाटा प्रवाळाच्या अशाच चुऱ्याचा आहे. लगूनमधून बांधकामासाठी वाळू काढण्यावर मॉरिशसने २००१ मध्ये बंदी घातली, ती का, हे तिथे पाण्यात पडल्या पडल्या समजते.

पायात रबरी बूट हवेतच. लगूनमध्ये साळिंदरासारखे काटेरी समुद्री प्राणी असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो. त्यावर पाय पडला तर वेदना भयंकर होतात. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून थेट दवाखाना गाठावा लागतो. उन्हासाठी क्रीम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. काही क्रीममधली रसायने प्रवाळाला घातक ठरतात आणि सदरा पाण्यात धुऊन जात नाही. सासूबाईंनी पंजाबी ड्रेस घातला होता, तो सोयीचा पडला. कारण बोटीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावे लागले. गुडघेदुखीच्या माणसासाठी शिडी कशी आहे, सावली किती आहे, शौचालय आहे का, हे आधी विचारावे. स्पीडबोटीवर ते बहुधा नसते, कॅटामरानवर असते. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे डोळ्यांनी पाहावीत, तोंडी हमीवर जाऊ नये. बोटीला आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. तो मागितल्यावर प्रामाणिक माणूस रागावत नाही.

जेवण बोटीवरच शिजते. कोळशावर मासे, कोंबडी, सोबत पाव, कोशिंबीर आणि रम. सासूबाई शाकाहारी. त्यांच्यासाठी सकाळी बाजारातून धोल पुरी घेतली होती. चण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही पातळ पोळी घेवड्याची उसळ आणि चटणी घालून गुंडाळून देतात. बोटीवरच्या मदतनीस पोराने ती निखाऱ्यावर गरम करून दिली. तो कास्कावेलचा. पश्चिमेकडच्या या गावात मराठी वंशाची घरे आहेत. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती येतो, आणि गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. सासूबाईंनी त्याला आरती येते का विचारले, तर त्याने सुरुवात करून दाखवली.

बोटीतून ले मॉर्नचा डोंगर समोर दिसतो. ५५६ मीटर उंचीचा, समुद्रातून सरळ उठलेला काळा कडा. फ्रेंचांच्या आणि नंतर इंग्रजांच्या अमलात मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई वर चढले, ते आपल्याला धरायलाच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा ठरला. गुलामगिरी संपली तो दिवस १ फेब्रुवारी १८३५. त्याच्या काही महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलास' जहाजातून भारतीय गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले होते. उसाच्या मळ्यांना हात हवेच होते, आणि पुढच्या काळात मुंबई बंदरातून कोकणातलीही माणसे गेली. निखाऱ्यावर पुरी शेकणारे ते पोर त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी वंशातले. किनाऱ्यावरून हा डोंगर हॉटेलांच्या मागचा देखावा वाटतो. पाण्यावरून पाहिला की त्यावर चढणाऱ्या माणसाला परत फिरायला वाट उरत नसे, हे दिसते. तांडेलाने तिथे गाणी बंद केली. याच डोंगरापाशी 'पाण्याखालचा धबधबा' दाखवू म्हणून कुणी जादा पैसे मागितले, तर देऊ नयेत. वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्यात ओघळताना होणारा तो भास फक्त आकाशातून दिसतो, बोटीतून नाही.

खासगी बोट सगळीकडे लागते असेही नाही. आग्नेयेला माहेबूरजवळ ब्लू बे हे १९९७ पासून संरक्षित समुद्री उद्यान आहे. तिथे काचेच्या तळाची माणशी तिकिटाची साधी होडी पुरते. शेजारचे इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचे बेट वन्यजीव संस्थेच्या बोटीनेच बघावे. तिथे गुलाबी पारवे जपले आहेत. याच किनाऱ्यासमोर २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. तेव्हा कोळी, बोटवाले, शाळकरी पोरे अशी हजारो माणसे कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून, त्यांचे लांब तरंगते बांध शिवून पाण्यात सोडत होती. ब्लू बेमधल्या आमच्या होडीवाल्यानेही ते केले होते. तो आपली होडी ठरलेल्या तरंगत्या बोयाला बांधतो, प्रवाळावर नांगर टाकत नाही. बाकी किनाऱ्यांवर बोये सगळीकडे नसतात. तिथे आपला तांडेल नांगर वाळूवर सोडतो की प्रवाळावर, हे बोटीच्या काठावरून वाकून पाहावे, आणि प्रवाळावर जात असेल तर त्याला जागा बदलायला सांगावे. भाडे आपण दिलेले असते, तो ऐकतो.