बाळाची वाढ मोजणारा प्रतिध्वनी

पहाटेच्या शांततेत शनिवारवाड्याच्या तटापासून ३४ मीटरांवर उभे राहून टाळी वाजवली, तर प्रतिध्वनी किती वेळाने येईल? हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. जाऊन-येऊन अंतर ६८ मीटर. म्हणजे उत्तर ०.२ सेकंद. उलट, वेळ ठाऊक असेल तर अंतर काढता येते. याच गणिताने आईच्या पोटातील बाळ मोजतात.

तेथे टाळीऐवजी आपल्याला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी वापरतात. त्याची कंपने सेकंदाला सुमारे ३५ लाख. शरीराच्या मऊ भागांत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. भागाकार करून पाहा: तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी येते. तरंग आखूड, म्हणूनच बारीक तपशील टिपता येतो. पाणी, मांस, हाड यांच्या सीमांवरून परतलेल्या प्रतिध्वनींचे यंत्र पडद्यावर चित्र बनवते.

त्या चित्रावर डॉक्टर डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. वारेतून पोषण कमी पडू लागले, की बाळाचे शरीर मेंदूचा रक्तपुरवठा आधी सांभाळते. यकृतातील राखीव साखर घटते आणि पोटाचा घेर मागे पडतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. अठराव्या आठवड्यातच तेथील बाळांच्या पोटाचा घेर युरोपातील बाळांपेक्षा बराच कमी आढळला; डोक्याचा घेर व मांडीचे हाड यांतील फरक त्यामानाने थोडा होता. वजनकाट्याला जे जन्मानंतर कळते, त्याची चाहूल पाचव्या महिन्यातच लागली होती.

मात्र एका मापावरून वाढ ठरत नाही. रस्त्यावरच्या मोटारीचे एकच छायाचित्र पाहून तिचा वेग सांगता येईल का? आईवडील लहानखुरे असतील, तर निरोगी बाळही लहान असू शकते. म्हणून सुरुवातीच्या तपासणीत गर्भाचे वय ठरवतात आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मापे घेतात. वाढ खुंटलेली दिसली, तर नाळेतील रक्तप्रवाहही ध्वनीनेच तपासतात. अशा बाळाला पोटातच वाढवणारे खात्रीचे औषध नाही; पण प्रसूती केव्हा करावी हे वेळीच ठरवता येते. तेवढ्याने बाळाचा जीव वाचू शकतो.