वाकळेची नक्षी
संत नामदेवांचं नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातलं. नामदेव शिंप्याच्या घरातले. तेव्हा सुईदोऱ्याचं मोल इथे मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. एखादी लेक आईच्या लुगड्यांचे तुकडे हाताने जोडून आणते आणि शिवणारणीला म्हणते, ‘यावर नक्षी घाला.’ कोणती घालायची?

टाक्याचं पहिलं काम थर धरून ठेवणं. टाके फार लांब पडले तर धुताना आतलं कापड गोळा होतं. म्हणून आधी सगळीकडे कच्चे टाके घालावेत, मग कडेपासून आत, चौकटीत चौकट असा धावदोरा न्यावा.

तुकडे रंगीबेरंगी असतील तर साधी चौकटच शोभते. फुलं-वेली त्या गर्दीत हरवतात. एकरंगी कापडावर मात्र नक्षी उठून दिसते. अंथरायची वाकळ दाट शिवावी, पांघरायची जरा विरळ, म्हणजे ती मऊ राहते. विरलेल्या कापडावर दोरा ओढू नये. तोच कापड चिरतो.

आईचं लुगडं दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून मला वाटतं, नक्षी ठरवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: कापड कोणाचं आणि पांघरणार कोण?