उसाची ट्रॉली रानात का रुतते?

बारामती-इंदापूरकडचे असाल तर हे दृश्य पाठच असेल: काळं रान, खाली ओल, भरलेली उसाची ट्रॉली आणि जागेवरच गरगर फिरणारं ट्रॅक्टरचं चाक.

चाक किती खोल जाईल, याचं गणित आहे बरं का! बेकर नावाच्या पोलिश इंजिनिअरने १९५६ च्या पुस्तकात या विषयाची घडी बसवली. पुढे चंद्रावरच्या गाडीवरही त्यांनी काम केलं. सूत्रात तीन गोष्टी: दाब, चाकाची रुंदी आणि मातीचा चिवटपणा. काळी माती भिजली की हा तिसरा आकडा धाडकन खाली येतो.

हिशोब बघा. एका टायरवर २,५०० किलो भार आणि जमिनीवर दाब चौरस सेंटीमीटरला ५ किलो धरला, तर टायर टेकतो फक्त ५०० चौरस सेंटीमीटरवर. म्हणजे ए-फोर कागदाहून कमी! पट्ट्याच्या गाडीचा भार लांबवर पसरतो, म्हणून ती कमी रुतते.

पण खरी मेख पुढे आहे. रुंद टायरने चाकोरी उथळ होते. खोलवरची माती मात्र एकूण भारानेच आवळते. ती दिसत नाही, पण खोडव्याच्या मुळ्यांना कळते.

म्हणून मी घरी सांगतो: तोडीआधी पाणी वेळेत बंद करा, वाफसा येऊ द्या. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच फेरीत होतं, तेव्हा ट्रॉली एकाच चाकोरीतून न्या. आणि रानात अर्धीच भरा, उरलेली रस्त्यावर. टोळीला चालणं वाढेल, तेवढी मजुरी द्या. खोडवा वाचेल!