थांबलो असतो तर...?

मागच्या आठवड्यात निफाड तालुक्यातील एक शेतकरी दवाखान्यात आले. वय पंचेचाळीस. तक्रार एकच, झोप लागत नाही. तपासले तर रक्तदाब थोडा वाढलेला, बाकी सर्व ठीक. बोलते केल्यावर खरे दुखणे कळले. चाळीतला कांदा त्यांनी लासलगावला विकला आणि पंधरा दिवसांत भाव चढला. "डॉक्टरसाहेब, तोटा नाही झाला. पण थांबलो असतो तर, हेच रात्रभर डोक्यात फिरतं."

वाचकहो, तोटा न होताही माणूस का तळमळतो? याचे उत्तर मेंदूच्या शिकण्याच्या पद्धतीत आहे.

मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. फळाचा रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी उत्तेजित होत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकले, की त्या दिवा पाहूनच उत्तेजित होत. रस मिळाल्यावर विशेष फरक पडत नसे. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्या मंदावत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरकावरून मेंदू शिकतो, तो असा.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच्या पुढची गोष्ट आढळली. कंपवाताच्या १७ रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असताना त्यांना शेअर बाजारासारखा खेळ दिला आणि डोपामिन मोजले. थोडेच पैसे लावलेल्या रुग्णाला अपेक्षेहून अधिक फायदा झाला, तरी डोपामिन उलट घटत होते! 'जास्त लावले असते तर' हा हिशेबही मेंदू त्याच वेळी मांडत होता.

ही सोय उपयोगाची आहे. प्रत्येक चूक स्वतः न भोगता माणूस शहाणा होतो. परंतु जिथे निकाल आपल्या हाती नसतो, तिथे हाच मेंदू चुकीचा धडा घेतो. लॉटरीचे तिकीट एका आकड्याने हुकले की "थोडक्यात गेले" म्हणून माणूस पुढचे घेतो. वास्तविक त्या हुकण्यात शिकण्यासारखे काहीच नसते. कांद्याचेही तसेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, भाव कोसळले आणि थांबलेले पस्तावले.

त्या गृहस्थांना मी झोपेची गोळी दिली नाही. दोन गोष्टी सांगितल्या. माल विकताना त्या दिवशी काय माहीत होते, ते वहीत लिहून ठेवा. निर्णयाची पारख त्यावरून करा, नंतरच्या भावावरून नको. आणि जमेल तेव्हा माल टप्प्याटप्प्याने काढा.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण जाईना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर घरच्यांनी थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.