कऱ्हाडची लेणी आणि पोढीतले पाणी

सहल काढायची म्हटली की आपल्या समाजातील कुटुंबे अजिंठा-वेरूळची चौकशी करतात. थोडी ऐपत असेल तर बुद्धगया, सारनाथ. तेथे जरूर जावे. परंतु सांगली-सातारा भागातील किती बौद्धजनांनी कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी पाहिली आहेत? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला आणि आमची मान खाली गेली. चाळिशी उलटली, कामानिमित्त कऱ्हाडला अनेक खेपा झाल्या, पण त्या डोंगराकडे आमचे पाय कधी वळले नव्हते.

शेवटी हिवाळ्यातील एका रविवारी शेजारची दोन कुटुंबे बरोबर घेतली. भाकरी, पिठले, चटणी बांधून सांगली स्टँडवरून पहाटेची एस.टी. पकडली आणि इस्लामपूर, पेठमार्गे कऱ्हाड गाठले. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. ती पाहून आम्ही जखिणवाडीकडे निघालो. हे गाव शहरापासून चार-पाच किलोमीटरवर आगाशिवच्या पायथ्याशी आहे.

या डोंगरात साठांहून अधिक लेणी आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा आपल्याकडे रूढ होण्याआधीच्या काळातील. म्हणून येथे अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, भव्य मूर्ती नाहीत. भिक्खूंच्या लहान लहान खोल्या, निजण्याचे दगडी ओटे आणि चैत्यगृहात स्तूप, एवढेच आहे. आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, यात बुद्ध कुठायत?" त्याला आम्ही स्तूपापाशी नेले. त्या काळी लोक तथागतांची आठवण म्हणून स्तूपालाच वंदन करीत, हे त्याला सांगितले. मग सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटले. त्या दगडी खोलीत आवाज असा घुमला की मुले आपोआप शांत झाली.

ही लेणी कोणाच्या पैशाने झाली असतील? एका लेण्यातील शिलालेखात गोपालाचा मुलगा संघमित्र याने दान दिल्याची नोंद आहे. कऱ्हाडचे जुने नाव करहाकट. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपाला या करहाकटच्या निगमाने, म्हणजे नगराच्या संस्थेने, दान दिले होते. तो लेख तेथील दगडावर कोरलेला आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथे महिक नावाच्या इथल्याच एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान केले. लोखंड विकणारा माणूस आपल्या मिळकतीतून भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी डोंगर कोरून घेतो! धम्माच्या कामाला राजाच लागतो असे नाही, वर्गणी काढणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला यातून फार धीर आला.

लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकीही खोदलेली आहेत. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला पोढी म्हणत. लेणे दान करावे, तशी पोढीही दान करीत. पावसाचे पाणी साठवायचे आणि ते भिक्खूंनी वर्षभर पुरवायचे, अशी ती सोय होती. संघात जातीला थारा नव्हता, त्यामुळे हे पाणी कोणाच्या हाताने बाटतही नव्हते.

याच कऱ्हाड तालुक्यात मसूर रेल्वे स्टेशन आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, ते बाल भीमराव 1901 च्या उन्हाळ्यात भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटण्यासाठी या स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवाले मागे सरले. एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. जवळ जेवण होते, पाणी मात्र कोणी दिले नाही. मुलांनी ती रात्र तहानेने काढली. बाबासाहेबांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

आम्ही मुलांना हे सांगत होतो आणि तेवढ्यात आमच्याच चिरंजीवाने रिकामी बाटली शेजारच्या टाक्यात भिरकावली. आत आधीच बाटल्या, पुड्या आणि पाला तरंगत होता. आम्हाला राग आला, पण रागवायचे कोणावर? सकाळपासून इतिहास सांगणाऱ्या आम्ही कचऱ्यासाठी एक पिशवीही आणली नव्हती. भाकरीचे फडके रिकामे केले, काठीने जेवढ्या बाटल्या काठाला आल्या तेवढ्या काढल्या आणि गाठोडे बांधून खाली आणले. चिरंजीवांनी ते स्वतःहून डोक्यावर घेतले.

उतरताना आमचे पाणी संपले होते. शेतात काम करणाऱ्या एका बाईंनी हाक मारली, "पोरं दमल्यात, पाणी पिऊन जावा." त्यांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. कळशी पुढे केली. मुले ओंजळीने पाणी प्यायली. सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. त्या बाईंना त्याचे कारण कळले नसावे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपणही सहकुटुंब जा. सकाळी लवकर चढा, पाणी भरपूर घ्या. स्तूपावर मेणबत्ती चिकटवू नका, काजळी दगडात मुरते. भिंतीवर नाव लिहू नका, मग ते जयभीमचे असले तरी. एक रिकामे पोते मात्र आठवणीने न्या. आमच्या तिन्ही कुटुंबांनी दर हिवाळ्यात एकदा जाऊन एक टाके साफ करायचे ठरविले आहे. साठांहून अधिक लेणी आहेत, हात कमी पडतील. आपण याल, ही अपेक्षा. जयभीम!